हातउसने

आजचं वाचन : अनुवाद १५:१-१८



मराठीत उधारीसाठी पुष्कळ शब्द आहेत. कर्ज, ऋण, देणं, उधारी, उसनवारी. त्यातला सगळ्यात घरगुती शब्द म्हणजे ‘हातउसने’. कागद नाही, व्याज नाही, साक्षीदार नाही. “जरा पाच हजार दे ना, पगार झाला की देतो,” एवढ्या बोलण्यावर व्यवहार होतो. हल्ली पैसे या फोनवरून त्या फोनवर जातात, पण शब्द तोच राहिलाय.

आजच्या वाचनात देव कर्ज सोडून द्यायला सांगतो, आणि गंमत म्हणजे तिथे मूळ हिब्रूमध्येसुद्धा कर्जाला हात चिकटलेला आहे. दुसऱ्या वचनात धनकोने जे सोडायचं ते जणू ‘त्याच्या हाताचं उसनं’ आहे. तिसऱ्या वचनात सोडायचं काम हाताचंच आहे. सातव्यात सांगितलंय की हात आखडू नको. आठव्यात हात उघड, आणि अकराव्यात पुन्हा हात उघड. म्हणून आज या हाताकडे लक्ष ठेवूनच आपण हा अध्याय वाचू या. कृपया बायबल शेजारी उघडून ठेवा.

सातव्या वर्षी काय व्हायचं?

नियम अगदी थोडक्यात आहे. दर सात वर्षांच्या शेवटी प्रत्येक इस्राएली सावकाराने आपल्या इस्राएली बांधवाला दिलेलं कर्ज सोडून द्यायचं. तगादा लावायचा नाही, कारण ही सूट परमेश्वराच्या नावाने जाहीर झाली आहे. हिब्रूमध्ये या सुटीला ‘श्मिता’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे हातातून सोडणं, खाली पडू देणं. निर्गम २३:११ मध्ये हेच क्रियापद जमिनीसाठी आलंय : सातव्या वर्षी शेत पडीक सोडायचं, आणि त्यात आपोआप जे उगवेल ते गरिबांनी खायचं. म्हणजे शेतकऱ्याने विळा खाली ठेवायचा आणि सावकाराने वही खाली ठेवायची. दोघांनाही देव एकच गोष्ट सांगतो : जरा हात सोड, जग तुझ्या पकडीवर चालत नाही.

काही अभ्यासक म्हणतात की इथे कर्ज रद्द होत नाही, फक्त त्या वर्षापुरती वसुली थांबते. पण यहुदी परंपरेने हे कर्ज रद्द होणं असंच मानलं आहे, आणि नववं वचन वाचलं की तेच बरोबर वाटतं. फक्त एका वर्षाची मुदतवाढ असती, तर लोक सातव्या वर्षाला इतके घाबरले असते का?

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हे कर्ज म्हणजे आपल्या गाडीचा किंवा फ्लॅटचा हप्ता नव्हे. त्या काळी सामान्य माणूस कर्ज काढायचा तो पीक बुडालं म्हणून. आधी पेरणीसाठी धान्य उसनं घ्यायचं. पुढचंही साल वाईट गेलं की जमीन गहाण, मग मुलं दुसऱ्याच्या घरी राबायला, शेवटी तो स्वतः. २ राजे ४ मधली ती विधवा आठवते? नवरा देवभीरू होता, पण तो गेला आणि सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला दारात आला. इस्राएलात कर्जाचा शेवट असा व्हायचा. म्हणूनच या अध्यायात कर्जमाफीच्या पाठोपाठ, बाराव्या वचनापासून, दासांच्या सुटकेचा नियम येतो. कर्जाच्या रस्त्याच्या एका टोकाला उसने धान्य होतं आणि दुसऱ्या टोकाला दास्य.

तिसऱ्या वचनात परक्या माणसाकडून वसुली करायला परवानगी आहे, आणि पुष्कळांना ते खटकतं. तिथे बहुधा व्यापारासाठी येणारा-जाणारा परदेशी अभिप्रेत आहे. इस्राएलात वस्तीला असलेल्या उपऱ्याची काळजी नियमशास्त्र इतर ठिकाणी वारंवार घेतं. थोडक्यात, धंद्याचं कर्ज वेगळं आणि पोटासाठी घेतलेलं कर्ज वेगळं.

कर्जमाफी ही कल्पना तेव्हाच्या जगात अगदी नवी नव्हती. बॅबिलोनचे राजे अधूनमधून, विशेषतः गादीवर बसताना, कर्जं रद्द करायचे. इ.स.पू. १७ व्या शतकातल्या अम्मी-सदुका राजाचं तसं फर्मान आजही उपलब्ध आहे. मग फरक काय? तिथे माफी राजाच्या मर्जीवर होती. इथे ती कॅलेंडरवर होती. गरिबाला राजा कधी खूश होईल याची वाट बघायची नव्हती. सातवं वर्ष कधी येणार, हे त्याला माहीत होतं.

झाकली मूठ

आता नववं वचन. मला हे या अध्यायातलं सगळ्यात प्रामाणिक वचन वाटतं, कारण इथे देव आपल्या मनातला हिशेब मोठ्याने वाचून दाखवतो. समजा सहावं वर्ष संपत आलंय. गरजू भाऊ दारात उभा आहे. तुम्ही मनातल्या मनात गणित करता : आत्ता दिलं, तर काही महिन्यांत सातवं वर्ष लागेल आणि पैसे बुडतील. तोंडाने तुम्ही नाही म्हणत नाही. “बघतो, या महिन्यात जरा अडचण आहे,” एवढंच बोलता. देव म्हणतो, या विचारापासून सांभाळ. तो दुष्ट विचार आहे. तुझी नजर भावाबद्दल वाईट झाली आहे. तो माझ्याकडे ओरडेल आणि ते तुझ्या माथी पाप ठरेल.

वाचताना क्रम बघा. आधी मनात गणित होतं, मग नजर बदलते, मग हात आवळला जातो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असं आपण म्हणतो, आणि अब्रूच्या बाबतीत ते खरंही असेल. पण भाऊ दारात उभा असताना झाकलेल्या मुठीची किंमत देव वेगळी लावतो.

हा धोका कल्पनेतला नव्हता. येशूच्या थोडं आधी हिल्लेल नावाचे मोठे यहुदी गुरू होऊन गेले. मिश्ना या यहुदी ग्रंथात नोंद आहे की सातवं वर्ष जवळ येतंय म्हणून लोक एकमेकांना कर्ज द्यायचे थांबले, तेव्हा हिल्लेल यांनी ‘प्रोझबुल’ नावाची सोय काढली. धनकोने न्यायसभेपुढे एक निवेदन द्यायचं, म्हणजे त्याची कर्जं सातव्या वर्षी रद्द होत नसत. हेतू चांगला होता, गरिबाला निदान कर्ज तरी मिळावं. पण यातून काय दिसतं? गरिबाच्या सुटकेसाठी दिलेला नियम माणसांच्या भीतीमुळे गरिबाच्याच अंगावर उलटला होता. कायदा पैसे सोडायला लावू शकतो, पण मूठ मनापासून उघडायला लावू शकत नाही.

आमच्या युवक संगतीत हा अध्याय वाचत होतो तेव्हा एका मुलीने हात वर केला. म्हणाली, “मी एका मैत्रिणीला ४०,००० रुपये दिले होते. तिची नोकरी गेली होती. आता दीड वर्ष झालं. मी विचारेन म्हणून ती आता संध्याकाळच्या उपासनेला जाते. मला बघितलं की रस्ता बदलते. पैसे गेले आणि मैत्रीणही गेली. मी सोडून दिले तर शहाणी की मूर्ख?”

खोलीत जरा वेळ कोणीच बोललं नाही. कारण जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एकेक नाव आलं असणार. तुमच्याही आलं असेल. ते नाव तसंच मनात राहू द्या आणि पुढे वाचू या.

गरीब राहणार की नाही?

चौथं वचन म्हणतं, तुमच्यात कोणी गरीब नसावा. अकरावं म्हणतं, देशात गरीब कायम असतील. मग खरं काय? दोन्ही. चौथं वचन देवाच्या बाजूने बोलतं : मी इतकं देणार आहे की सगळ्यांना पुरेल, फक्त माझं ऐका. अकरावं माणसाच्या बाजूने बोलतं : तुम्ही पूर्ण ऐकणार नाही, म्हणून हात उघडा ठेवायची गरज कधी संपणार नाही.

प्रभू येशू मार्क १४:७ मध्ये याच अकराव्या वचनाकडे बोट दाखवतो. पुष्कळ लोक ते वाक्य खांदे उडवत वापरतात : गरिबी काय, राहणारच! पण येशू लगेच पुढे सांगतो की मनात येईल तेव्हा तुम्ही त्यांचं भलं करू शकता. आणि चौथं वचन कुठे खरं झालं? प्रेषितांची कृत्ये ४:३४ वाचा. पवित्र आत्मा उतरल्यावर यरुशलेमच्या मंडळीत कोणालाही उणं पडत नव्हतं, असं लूक लिहितो. मोशेने सांगितलेलं चित्र तिथे काही काळ का होईना, डोळ्यांना दिसलं. तिथे कोणी सातव्या वर्षाची वाट बघत बसलं नव्हतं.

रिकाम्या हाताने पाठवू नको

बाराव्या वचनापासून दासांचा विषय सुरू होतो. इब्री पुरुष असो की स्त्री, सहा वर्षं चाकरी झाली की सातव्या वर्षी मोकळं करायचं. हा नियम दास्य पूर्ण बंद करत नाही, हे खरं आहे. पण त्याला दार आणि तारीख दोन्ही देतो. आणि पुढे जे सांगतो त्यात तर मोशेचं मन दिसतं : त्याला मोकळा करशील तेव्हा रिकाम्या हाताने पाठवू नको.

कळपातून दे, खळ्यातून दे, द्राक्षकुंडातून दे. चौदाव्या वचनातलं हिब्रू क्रियापद गळ्यातल्या हाराशी जोडलेलं आहे. म्हणजे नुसतं जाताना हातावर काहीतरी टेकव असं नाही, जणू त्याच्या गळ्यात घाल. काल जी मान ओझ्याखाली वाकली होती, तिचा आज मान राख. कारण रिकाम्या हाताने सुटलेला माणूस पुढच्या दुष्काळात पुन्हा त्याच दारात येईल. त्याला चार मेंढरं, पोतंभर धान्य हवं, म्हणजे तो पायावर उभा राहील. नुसतं “जा, तू मोकळा” म्हणणं ही अर्धीच सुटका झाली.

हे सगळं का करायचं? पंधरावं वचन : कारण तू मिसरात दास होतास आणि परमेश्वराने तुला सोडवलं. इस्राएल मिसरातून निघालं तेव्हा रिकाम्या हाताने निघालं नाही, हे निर्गम ३:२१-२२ मध्ये आधीच सांगितलं होतं. देवाने जसं तुला पाठवलं, तसं तू त्याला पाठव. इथे औदार्य म्हणजे मोठेपणा मिरवणं नाही. ज्याला स्वतःची सुटका आठवते त्याचं ते आभार मानणं आहे.

सोडलं आणि पुन्हा धरलं

हे पाळलं गेलं का? यिर्मया ३४ वाचताना वाईट वाटतं. बॅबिलोनच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता. सिद्कीया राजा आणि सरदार घाबरले आणि त्यांनी मंदिरात करार करून सगळ्या इब्री दासदासींना मोकळं केलं. मग बातमी आली की मिसरचं सैन्य निघालंय, आणि बॅबिलोनचं सैन्य वेढा उठवून गेलं. संकट टळल्यासारखं वाटताच त्यांनी त्याच माणसांना परत आणून पुन्हा दास केलं! देवाचं उत्तर कडक आहे. तुम्ही सुटका जाहीर करून मोडलीत ना, मग मीही एक सुटका जाहीर करतो : तुम्हाला तलवार, मरी आणि दुष्काळ यांच्या हवाली सोडतो. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलं.

भीतीने उघडलेली मूठ भीती गेली की पुन्हा मिटते. परीक्षेच्या आदल्या रात्री, आयसीयूच्या बाहेर, नोकरी जाणार असं वाटत असताना आपण देवाला काय काय वचनं देतो ते आठवा.

याच्या उलट नहेम्या ५. साल साधारण इ.स.पू. ४४५. तट बांधायचं काम चालू असतानाच लोक ओरडू लागले : धान्यासाठी शेतं गहाण पडली, राजाच्या करासाठी कर्ज काढलं, मुली दास्यात गेल्या, आणि सावकार कोण, तर आपलेच भाऊ! नहेम्या संतापला. पण लगेच बोलला नाही, आधी स्वतःशी विचार केला. मग सरदारांना तोंडावर दोष दिला. आणि त्याचं एक वाक्य फार मोलाचं आहे : मी आणि माझे लोकही पैसे व धान्य उसने देतोय, चला, आपण सगळेच ही वसुली सोडू. शेतं, मळे, घरं आजच परत करा. ‘उद्यापासून’ म्हणाला नाही. त्याने आधी स्वतःची वही बंद केली.

कागद कोणाच्या हातातला?

कर्जाच्या कागदाचं दुःख महाराष्ट्राला नवं नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. कागद हिसकावून घेतले आणि जाळले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. पुढे १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला.

त्याच्या दोनअडीचशे वर्षं आधीची दुसरी गोष्ट देहूची. तुकोबांच्या घरी सावकारी होती. परंपरा सांगते की दुष्काळात होरपळल्यावर त्यांनी कर्जाचे कागद काढले, धाकटे भाऊ कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांना दिला आणि स्वतःच्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले. ज्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला ते आपले रेव्ह. नारायण वामन टिळक म्हणत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. या गोष्टीपाशी त्या पुलाची एक कमान दिसते असं मला वाटतं.

दोन्हीकडे कागद नष्ट झाले. पण सुप्यात ते ऋणकोने हिसकावले, देहूत धनकोने स्वतः सोडले. अनुवाद १५ दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतं.

आता कलस्सैकरांस २:१४ उघडा. आपल्याविरुद्ध असलेला लेख देवाने खोडला आणि वधस्तंभाला खिळून टाकला, असं तिथे सांगितलंय. त्या लेखासाठी ग्रीकमध्ये ‘खैरोग्राफोन’ हा शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ ‘हाताने लिहिलेलं’, आणि व्यवहारात ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या कर्जाच्या कबुलीसाठी तो वापरत. आपलं हस्ताक्षर, आपली सही. ते कोणी हिसकावून जाळलं नाही. ज्याचं येणं होतं, त्यानेच ते संपवलं. आणि ज्या हातांनी ते संपवलं, त्या हातांत खिळे होते.

म्हणून मत्तय १८:२३-३५ मधला दास इतका टोचतो. त्याचं देणं होतं १०,००० तालांत. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. हिशेब करा : ६ कोटी दिवसांची मजुरी. एकही सुट्टी न घेता दीड लाखाहून जास्त वर्षं! राजाने ते सोडलं. बाहेर आल्यावर त्याला सोबतीचा दास भेटला, ज्याचं देणं १०० दिनार होतं. इथे आपण म्हणतो, “किती क्षुल्लक रक्कम!” पण ती क्षुल्लक नव्हती. तीन महिन्यांहून जास्त मजुरी होती. येशू असं म्हणत नाही की तुझं येणं किरकोळ आहे. तो एवढंच म्हणतो की तुझं स्वतःचं सुटलेलं देणं आठव. त्या दासाने काय केलं? सोबत्याची मान धरली, गळा आवळला. नियमशास्त्र म्हणत होतं गळ्यात हार घाल. याने गळ्याला हात घातला.

प्रभूने शिकवलेली प्रार्थना आपण मराठीत म्हणतो तेव्हा त्यात ‘ऋण’ हाच शब्द आहे. मत्तयाच्या ग्रीक मजकुरातही देण्याचाच शब्द आहे. दर रविवारी आपण ती म्हणतो. त्या वेळी मनात ठेवलेलं ते नाव पुढे येतं का?

मग मी काय करू?

युवक संगतीत त्या मुलीला आम्ही ‘सोड’ असं सांगितलं नाही, आणि ‘वसूल कर’ असंही सांगितलं नाही. कारण हा अध्याय धनकोशी बोलतो. ज्याच्या हातात आहे त्यानेच सोडायचं, शेजाऱ्याने त्याची बोटं उचकटायची नाहीत. “तू विश्वासी ना, मग माफ कर की!” असं म्हणून पैसे बुडवणाऱ्याला या वचनाचा आधार नाही. ती मुलगी अजून प्रार्थना करतेय. पण जे मुद्दे आम्ही तिच्यासोबत काढले ते तुमच्यापुढे ठेवतो.

१. देतानाच सोडायची तयारी ठेवा. लूक ६:३४-३५ मध्ये प्रभू म्हणतो, परत मिळेल या आशेवरच देत असाल तर त्यात विशेष काय? म्हणून स्वतःला विचारा, हे परत आलं नाही तर मी या माणसाशी पूर्वीसारखा बोलेन का? उत्तर ‘नाही’ असेल तर कमी द्या, पण ते मोकळ्या हाताने द्या. ४०,००० उसने देऊन मैत्री गमावण्यापेक्षा ५,००० तसेच दिलेले बरे.

२. सोडलं तर सांगा. श्मिता जाहीर व्हायची, मनातल्या मनात नाही. तुम्ही मनात माफ केलंत, पण समोरच्याला माहीत नसेल, तर तो अजून रस्ता बदलतोच आहे. एक साधा मेसेज पुरतो. त्यात टोमणा नको, उपदेश नको.

३. सोडलेलं पुन्हा धरू नका. पुढच्या भांडणात “मी तुझे एवढे पैसे सोडले होते” असं निघालं, तर आपण सिद्कीयाच्या दरबारात जाऊन बसलो.

४. सोडणं शक्य नसेल तर मागण्याची पद्धत तरी बदला. सोडलं तर घरभाडं थकेल अशी वेळ कोणावरही येऊ शकते. अनुवाद २४:१०-११ सांगतं की धनकोने गहाण वस्तू घ्यायला ऋणकोच्या घरात घुसू नये, बाहेर उभं राहावं. त्याने ती स्वतः आणून द्यावी. गरीब असला तरी त्याच्या उंबऱ्याला मान आहे. आज काही कर्ज देणारी ॲप्स फोनमधल्या सगळ्या नंबरांवर फोन करून माणसाची बेअब्रू करतात, हे आपण ऐकलंय. ग्रुपवर नाव टाकणं, स्टेटसला टोमणे ठेवणं हे त्याचंच छोटं रूप. बाहेर उभे राहा. एकट्याला विचारा. हप्ते करून द्या.

५. आणि तुम्ही घेणारे असाल तर? स्तोत्र ३७:२१ उसने घेऊन परत न करणाऱ्याला दुर्जनांत बसवतं. अलीशाने त्या विधवेला तेल दिलं ते कर्ज गायब करायला नाही. तेल विक, आधी देणं फेड, उरलेल्यावर तू आणि मुलं जगा, असं त्याने सांगितलं. मिश्नामध्ये एक सुंदर गोष्ट आहे. सातव्या वर्षी ऋणको पैसे परत करायला आला तर धनकोने म्हणावं, “मी सोडले.” त्यावर ऋणको “तरीही घ्या” म्हणाला तर ते घ्यावेत, आणि अशा माणसावर ज्ञानी लोक प्रसन्न होतात. म्हणजे दोघेही एकमेकांना मोकळं करायला धडपडतायत! मंडळीत असंच दिसायला हवं. पूर्ण रक्कम नसेल तर ५०० रुपये घेऊन जा, पण जा. लपू नका. लपण्यात रकमेपेक्षा जास्त काहीतरी बुडतं.

शेवटी पौलाकडे बघा. अनेसिम नावाचा दास फिलेमोनाकडे परत निघालाय. पौल पत्रात लिहितो की याचं काही देणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड. आणि मग स्पष्ट करतो की हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन (फिलेमोन १८-१९). तुरुंगात असलेला माणूस दुसऱ्याचं देणं आपल्या नावावर घेतोय. हे तो ख्रिस्ताकडून शिकला.

आजचा विचार : माझ्या हातात आज कोणाचं नाव आहे? आणि कोणाच्या हातात माझं नाव आहे? या आठवड्यात दोघांपैकी एकाला तरी फोन करा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, माझ्या हाताने लिहिलेलं माझं देणं तू वधस्तंभावर फेडलंस, म्हणून तुझे आभार. माझी मूठ कुठे आवळलेली आहे ते मला दाखव. ज्याने माझं देणं बुडवलं त्याच्याकडे वाईट नजरेने बघण्यापासून मला सांभाळ. ज्याचं मी देणं लागतो त्याच्यापुढे जायचं धैर्य दे. सोडताना मला रडकुंडी येऊ देऊ नको, आणि सोडलेलं पुन्हा उचलू देऊ नको. तुझ्या मंडळीत कोणी कोणाला बघून रस्ता बदलू नये, असं आम्हाला कर. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.